सौम्य स्वरूपाची थट्टामस्करी

स्नेहसंमेलनाच्या तयारीसाठी अलीकडेच आमच्या महाविद्यालयात बैठक झाली आणि करोनाच्या काळापासून बंद पडलेला शेलापागोट्यांचा कार्यक्रम यंदा पुन्हा सुरू करावा असे तीत ठरले. (आजची मुले त्याला ‘फिशपाँड’ म्हणतात. आम्हांला जुना शब्दच बरा वाटतो. शेला आणि पागोटे ही मानाची वस्त्रे. ती बहाल करण्याच्या मिषाने माणसाची टोपी उडवायची, हा त्यातला मूळ विनोद.) पेटीत आलेल्या चिठ्ठ्यांतून अश्लील, जातिवाचक आणि प्राचार्यांविषयीच्या तेवढ्या वगळायच्या आणि उरलेल्यांची भाषा नीटनेटकी करून द्यायची, हे काम रिवाजाने मराठी विभागाकडे येते. आम्ही दोघांनी ते करण्यास नकार दिला. कारण विचारले गेले, ते आम्ही सांगितले. त्यावर आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले की, थट्टा सोसत नाही त्याने तारुण्यात पाऊलच टाकू नये. थट्टेला घाबरणाऱ्या समाजात वाङ्मय जगत नाही. आणि तुम्हां दोघांना अलीकडे अतिसंवेदनशीलतेची बाधा झालेली दिसते. बैठकीत हशा पिकला. हे सहकारी विनोदी वाङ्मयाचे जाणकार आहेत, आम्ही त्यांच्याकडून पुष्कळ शिकलो आहोत. म्हणूनच त्यांच्या बोलण्याचा प्रतिवाद बैठकीतल्या चार वाक्यांत न उरकता सविस्तर करावा असे वाटले. त्यासाठी आमच्याच एका अहवालापासून सुरुवात करावी लागेल.

२०१८ च्या जानेवारीतील गोष्ट. द्वितीय वर्ष कला शाखेच्या वर्गात एक विद्यार्थी होता. त्याला स्नायूंचा आजार होता. डॉक्टरांच्या भाषेत लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे कंबर आणि खांदे यांच्याभोवतीचे स्नायू हळूहळू क्षीण होत जाणारा आनुवंशिक विकार. पहिल्या वर्षी तो जिना चढत असे, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने स्वतःची मांडी रेटत. दुसऱ्या वर्षी तो वरचेवर पडू लागला. वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. तो खाली आणावा असे कुणालाही सुचले नाही, आम्हांलाही नाही. मुलांनी त्याचे नाव ‘स्लो मोशन’ असे ठेवले होते. त्याच्या मागून दोघेतिघे तसेच झुलत चालत, एक जण मोबाइलवर चित्रण करी, आणि मागे गाणे जोडून ते वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले जाई. त्याची पिशवी खिडकीच्या वरच्या खिळ्याला टांगून ठेवण्याचा एक खेळ होता. त्याचे हात खांद्यांच्या वर जात नसत. पिशवी कुणी पळवली नव्हती, लपवलीही नव्हती. सर्वांच्या डोळ्यांसमोर ती टांगलेली असे. एवढेच करायचे आणि पाहत बसायचे. उरलेले काम त्याचे स्नायू करत.

त्या वर्षी पेटीत त्याच्यावर चार ओळींचे एक शेलापागोटे आले. ‘चाल’ या शब्दावर त्यात श्लेष होता. चालण्याची चाल, गाण्याची चाल आणि बुद्धिबळातली चाल, तिन्ही अर्थ चार ओळींत बसवलेले. आम्हांला ते आवडले. विद्यार्थ्याला श्लेष साधला याचा मास्तरांना होतो तसा आनंद आम्हांला झाला. तिसऱ्या ओळीत एक मात्रा कमी पडत होती. ती आम्ही भरून दिली.

संमेलनाच्या दिवशी ते वाचले गेले आणि रिवाजाप्रमाणे ‘मानकऱ्या’ला भेट घेण्यासाठी व्यासपीठावर बोलावण्यात आले. भेट म्हणजे प्लॅस्टिकचे कासव होते. व्यासपीठाला पाच पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. तो त्या चढला. त्याला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही, कारण तेवढा सगळा वेळ सभागृह टाळ्यांचा ठेका धरून होते आणि आम्ही पहिल्या रांगेत, आपले शेलापागोटे गाजले म्हणून, हसत होतो.

चार दिवसांनी त्याने प्राचार्यांकडे अर्ज दिला. त्यात कासवाचा उल्लेख एका ओळीत होता. पिशवीविषयी आणि चित्रफितींविषयी जास्त लिहिले होते. तिघांची समिती नेमली गेली. तीत आम्ही दोघे होतो, आणि अहवाल लिहिण्याचे काम अर्थातच आमच्याकडे आले. महाविद्यालयात इतिवृत्त, मानपत्र, शोकप्रस्ताव आणि चौकशीचा अहवाल ही मराठीच्या प्राध्यापकांची अलिखित वतने असतात. दोन पानांच्या त्या अहवालात आम्ही लिहिले की, सदर प्रकार समवयस्क विद्यार्थ्यांमधील सौम्य स्वरूपाच्या थट्टामस्करीचा असून त्यामागे कोणताही दुष्ट हेतू आढळून येत नाही. संबंधितांना समज देण्यात आली आहे. अर्जदार विद्यार्थ्यानेही मनमोकळेपणाने वागावे असे सुचवण्यात येत आहे. जूनमध्ये त्याने नाव काढले आणि मुक्त विद्यापीठात प्रवेश घेतला. प्रवासाची गैरसोय, असे कारण त्याने दाखल्याच्या अर्जात लिहिले होते.

आज तो अहवाल पुन्हा वाचताना आम्हांला सर्वाधिक टोचतो तो ‘सौम्य’ हा शब्द. सौम्य कुणाला? ज्यांनी केले त्यांना सौम्य, ज्यांनी पाहिले त्यांनाही सौम्य. ज्याच्या अंगावर ते झाले त्याला आम्ही विचारले होते. उत्तर ऐकूनही घेतले होते. आणि नंतर तो शब्द लिहिला. मराठीत या गोष्टीला शब्द नाही, ‘बुलिंग’ हा उसना शब्दच वापरावा लागतो, असे काही जण म्हणतात. ते खरे नाही. कुचेष्टा, टवाळी, टिंगल, हेटाळणी, उपमर्द, विटंबना, छळ. एवढ्या बारीक छटांचे शब्द ज्या भाषेत आहेत तिला दरिद्री कसे म्हणावे? त्यांतला ‘कुचेष्टा’ तर या प्रकाराला तंतोतंत लागू होतो, कारण ‘चेष्टा’ म्हणजे मुळात शरीराची हालचाल. शब्दकोश आमच्या टेबलावर होता. शब्द नसल्यामुळे नव्हे, शब्द माहीत असूनही आम्ही त्यांतला सर्वांत बिनधोक शब्द उचलला. हे भाषेच्या माणसाने केलेले पाप आहे आणि गणिताच्या प्राध्यापकावर ते ढकलता येणार नाही.

आता आमच्या सहकाऱ्यांच्या मुद्द्याकडे येऊ. थट्टा सर्वांचीच होते, लठ्ठ मुलाची होते, काळ्या मुलीची होते, तोतऱ्याची होते, मग याच मुलांचे वेगळे दुःख कशासाठी सांगता, असे ते विचारतात. लठ्ठ मुलाची थट्टाही आम्हांला मान्य नाही, पण ते तूर्त बाजूला ठेवू. वेगळे का सांगायचे, याला कारण आहे आणि ते या आजारांच्या स्वरूपातच आहे.

स्नायूंचे आणि त्यांना चालवणाऱ्या मज्जातंतूंचे विकार अनेक आहेत आणि त्यांतले पुष्कळसे दिसत नाहीत, निदान सुरुवातीला तरी नाही. आंधळ्याची काठी दिसते, पोलिओने वाळलेला पाय दिसतो. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी झालेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या पोटऱ्या मात्र इतरांपेक्षा जाड आणि मजबूत दिसतात, कारण झिजलेल्या स्नायूची जागा चरबी आणि तंतुमय ऊतींनी घेतलेली असते. असा धडधाकट दिसणारा मुलगा शर्यतीत शेवटचा येतो, पायरीला अडखळतो, जमिनीवरून उठताना हात आधी गुडघ्यांवर आणि मग मांड्यांवर टेकवत स्वतःच्याच अंगावर चढतो. उठण्याच्या या पद्धतीला गॉवर्स या ब्रिटिश डॉक्टरचे नाव आहे. एकोणिसाव्या शतकात त्याने तिचे वर्णन करून ठेवले. आमच्या शाळांत मात्र तिला ‘नाटक’ म्हणतात. निदान होईपर्यंत कैक महिने, कधी काही वर्षे जातात, आणि त्या काळात त्या मुलाला आळशी, ढिला, रडका ही विशेषणे लागलेली असतात. ती लावणारे पहिले माणूस पुष्कळदा वर्गमित्र नसते, शिक्षक असते. उठाबशा ही आपल्या शाळांची जुनी शिक्षा. ज्याच्या मांडीचे आणि कमरेचे स्नायू जात आहेत त्याला नेमके हेच करता येत नाही. इतकेच नाही, तर अशा अतिश्रमाने त्या स्नायूंना आणखी इजा होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी घातली. उठाबशा काढायला लावणाऱ्या किती शिक्षकांना आपण शिक्षा करत आहोत असे वाटते, हा प्रश्नच आहे. ‘व्यायाम’ म्हणून त्या चालूच आहेत.

मायस्थेनिया ग्रॅव्हिसची तऱ्हा आणखी निराळी. सकाळच्या तासाला विद्यार्थिनी ठीक असते. दुपारपर्यंत तिच्या पापण्या उतरू लागतात, बोलणे अनुनासिक होते, चावताना जबडा थकतो. विश्रांती घेतली की पुन्हा बरे. शंका घ्यायला यापेक्षा सोयीची अवस्था कोणती? ‘सकाळी तर बरी होतीस!’ हे वाक्य आम्ही स्वतः कधी उच्चारले आहे का, हे आठवण्याचा प्रयत्न केला. आठवले नाही, पण उच्चारले नसेल अशी खात्रीही देववत नाही. एका डिस्ट्रॉफीची सुरुवात चेहरा, खांदे आणि दंड यांच्यापासून होते. त्या मुलाला ओठ मुडपून शीळ घालता येत नाही आणि पुरेसे हसताही येत नाही. वर्गात तो गर्विष्ठ ठरतो, आखडू ठरतो. थट्टा झाल्यावर हसून साजरी करावी हा जो रिवाज, तो पाळण्याचे साधनच त्याच्या चेहऱ्यापाशी नसते. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत मूठ वळते पण लगेच सुटत नाही. हस्तांदोलन करून हात न सोडणाऱ्या मुलाविषयी काय बोलले जाते ते इथे लिहीत नाही. आणि ड्युशेनच्या मुलांना चालणे टिकावे म्हणून जी स्टिरॉइड औषधे देतात त्यांनी चेहरा वाटोळा होतो, वजन वाढते, उंची खुंटते. म्हणजे पायांवरून होणारी थट्टा पुढे ढकलण्यासाठी जे घ्यायचे त्यानेच तोंडावरून होणारी थट्टा आजच सुरू होते.

यांतल्या बहुतेक आजारांना डॉक्टर ‘प्रोग्रेसिव्ह’ हे विशेषण लावतात. आम्ही साहित्यवाले या शब्दाचे भाषांतर मोठ्या अभिमानाने ‘पुरोगामी’ असे करतो. वैद्यकात त्याचा अर्थ दिवसेंदिवस बिघडत जाणारा. चालीवरून हसणे आणि नाकावरून हसणे यांत जो फरक आहे तो इथे आहे. नाक पुढच्या वर्षी तसेच राहणार असते. चालीवर हसणाऱ्या मुलांना ठाऊक नसते, पण ज्याच्यावर हसले जाते त्याला ठाऊक असते की, ही चालसुद्धा राहणार नाही. ते त्याच्या आजच्या शरीराची नक्कल करत असतात आणि तो उद्याच्या शरीराविषयी विचार करत असतो. ‘सर्वांचीच होते’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

शिवाय अशा मुलाला ढकलावे लागत नाही. तोल सांभाळण्यापुरतीच शक्ती उरलेली असताना गर्दीत खांद्याचा ओझरता धक्काही पुरतो. समितीपुढे एका मुलाने सांगितले होते, ‘सर, मी फक्त हात लावला.’ तो खरे बोलत होता, आणि म्हणूनच आम्ही त्याला सोडून दिले. दांडगाई, दादागिरी, गुंडगिरी या आपल्या शब्दांत करणाऱ्याचे बळ गृहीत धरलेले आहे. इथे करणाऱ्याला बळ लागतच नाही. मग दांडगाई दिसणार कशी?

आता वाङ्मयाकडे. आमचे सहकारी वाङ्मयाच्या बाजूने बोलतात, तेव्हा वाङ्मयालाच विचारू. अष्टावक्राची गोष्ट आम्ही दोघांनीही वर्गात अनेकदा सांगितली आहे. आठ ठिकाणी वाकडा असलेला तो मुलगा जनकाच्या सभेत येतो, पंडित हसतात, तोही मोठ्याने हसतो आणि म्हणतो की, मला वाटले होते ही पंडितांची सभा आहे, इथे तर कातड्याची पारख करणारे चर्मकार जमले आहेत. वर्गात या ठिकाणी टाळी पडते. आम्हीही ती घेत आलो. थट्टेला बाणेदार उत्तर कसे द्यावे याचा वस्तुपाठ म्हणून ही लोकप्रिय कथा सांगितली जाते. परंतु त्या उत्तरात काय आहे? एका हीन ठरवलेल्याने दुसऱ्या हीन ठरवलेल्याच्या धंद्याचे नाव शिवीसारखे वापरले आहे. शरीरावरून झालेला अपमान जातीवरून केलेल्या अपमानाने फेडला, आणि सभा प्रसन्न झाली. वर्गात चर्मकार समाजातला विद्यार्थी बसलेला असताना आम्ही ती टाळी घेतली हे वेगळेच.

महाभारताच्या वनपर्वातली अष्टावक्राची कथा वेगळी आहे आणि तिच्याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. तो वाकडा का झाला? गर्भात असताना त्याने पित्याच्या वेदपठणातली चूक दाखवली. पिता कहोड हा शिक्षक, आणि ही चूक शिष्यांसमक्ष दाखवली गेली. त्या अपमानाने संतापून त्याने स्वतःच्या न जन्मलेल्या मुलाला शाप दिला. म्हणजे कथेच्या मुळाशी आहे तो वर्गात मानभंग झालेला एक अध्यापक. आणि शेवटी? मुलगा वादात बंदीला हरवतो, पित्याला सोडवून आणतो, तेव्हा पिता त्याला समंगा नदीत स्नान करायला सांगतो आणि त्याचे अवयव सरळ होतात. भागवतातल्या कुब्जेलाही कृष्ण सरळ करूनच सोडतो. वाकड्या शरीराने पुढे जगायचे, त्याच शरीराने वाद जिंकून त्याच शरीराने घरी परतायचे, अशी सोय या कथांत नाही. विद्वत्ता सिद्ध झाली की बक्षीस म्हणून सरळ अंग मिळते. ज्याला समंगा नदी नाही त्या मुलाला आम्ही ही गोष्ट ‘प्रेरणादायी’ म्हणून सांगतो.

आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’? १९६७ साली रंगभूमीवर आलेले तेंडुलकरांचे हे नाटक आम्ही किती वर्षे शिकवतो आहोत. वेळ घालवण्यासाठी मंडळी अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडतात, सगळे गंमत म्हणून ठरते, आणि त्या गमतीच्या आडून बेणारे बाईंची शिकार होते. मुलांच्या उत्तरपत्रिकांत ‘खेळाच्या मुखवट्याआडची सामूहिक हिंसा’ हा मुद्दा आला नाही तर आम्ही गुण कापतो. २०१८ च्या फेब्रुवारीत आम्ही सकाळी हे नाटक शिकवत होतो आणि दुपारी समितीत बसून ‘खेळच होता, सर’ ही साक्ष लिहून घेत होतो. दोन्ही कामांत एकाच निळ्या शाईचे पेन होते. वाङ्मय माणसाला संवेदनशील बनवते, असे जे आपण प्रवेशाच्या वेळी पालकांना सांगतो, त्यासंबंधीची आमच्यापुरती माहिती ही अशी आहे.

आमच्या समीक्षेची भाषाही तपासून पाहिली. आमच्या दोघांच्या छापून आलेल्या लेखांत ‘लंगडे समर्थन’, ‘पांगळी प्रतिभा’, ‘लुळा युक्तिवाद’ हे शब्दप्रयोग जागोजाग सापडले. वृत्तदोष सांगताना ‘इथे ओळ लंगडते’ असे आम्ही फळ्यासमोर सर्रास म्हणतो. तो विद्यार्थी समोर बसलेला असतानाही म्हटलेले आहे. हे शब्द कोशातून हाकलून द्या असे आमचे म्हणणे नाही; शब्दांची अशी साफसफाई सरकारे करत असतात. पंतप्रधानांनी २०१५ च्या डिसेंबरात ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला, महाराष्ट्रात २०२२ च्या ३ डिसेंबरला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला, आणि आमच्या अहवालाच्या फाइलीवर लिपिकाने ‘दिव्यांग विद्यार्थी तक्रार’ असे अदबीने लिहून ठेवले आहे. आतला मजकूर तोच आहे. आमचा मुद्दा इतकाच की, ज्या वर्गात सदोष ओळीला लंगडी म्हणतात त्या वर्गात लंगडणाऱ्याला सदोष ओळ समजायला मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही.

मग विनोद करायचाच नाही का? हा प्रश्न आमच्या सहकाऱ्यांनी विचारला, आणि तो विचारताना २०२५ सालच्या न्यायालयीन आदेशांचा उल्लेख केला. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या आजाराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या ‘क्युअर एसएमए फाउंडेशन’ने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने काही विनोदकारांना माफी मागण्यास सांगितले. ही विनोदाची मुस्कटदाबी होय, असे आमच्या सहकाऱ्यांचे मत. विनोदावर न्यायालयाची देखरेख असावी का, याविषयी आम्हांलाही शंका आहेत आणि त्या आम्ही लपवत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाचा ८ जुलै २०२४ चा एक निर्णय त्यांनी वाचावा. निपुण मल्होत्रा यांनी एका हिंदी चित्रपटातील अपंगांच्या चित्रणाविरुद्ध केलेल्या याचिकेवरचा तो निर्णय आहे. चित्रपटात ढवळाढवळ करण्यास न्यायालयाने नकार दिला, पण अपंगत्वाविषयीची समज वाढवणारा विनोद आणि अपंग माणसाला खाली पाडणारा विनोद यांत त्याने फरक केला. हा फरक करणे खरे तर समीक्षकांचे काम होते. विनोदाची मीमांसा आम्ही एम.ए.ला शिकवतो. ती न्यायमूर्तींनी करून द्यावी लागली, याची लाज न्यायालयाला नव्हे, आपल्याला वाटायला हवी.

तो विद्यार्थी स्वतः विनोदी होता, हेही सांगितले पाहिजे. पडल्यावर उचलणाऱ्याला तो म्हणायचा, ‘मी जमिनीशी जोडलेला माणूस आहे.’ हे ऐकून आम्ही हसलो आहोत आणि त्याला ते हवे होते. त्याच्यावर कुणी कधी हसूच नये अशा काचेच्या कपाटात त्याला ठेवावे, असे आम्ही म्हणत नाही. तसे ठेवणे हाही एकटे पाडण्याचाच प्रकार आहे, आणि सहलीच्या यादीतून ‘त्याला त्रास नको’ म्हणून त्याचे नाव परस्पर काढणाऱ्यांनी तो केला होता. (यादी आम्ही केली होती.) नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठीत आहे, सोनाली नवांगुळ यांच्यासारख्या चाकाच्या खुर्चीवरून लिहिणाऱ्या लेखिकेला अनुवादासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला आहे. ही माणसे विनोदाला घाबरणारी नाहीत. पण ‘ती बघा कशी जिद्दीने उभी राहिली’ असे सांगून त्यांच्या पुस्तकांचा उपयोग वर्गातल्या मुलाचे तोंड बंद करण्यासाठी करायचा, ही आमची युक्ती त्यांच्या पुस्तकांत कुठेही सांगितलेली नाही. आमच्या अहवालातले ‘मनमोकळेपणाने वागावे’ हे वाक्य त्याच युक्तीतून आले होते.

कायद्याविषयी थोडक्यात. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला होता, म्हणजे आमची समिती बसली तेव्हा त्याला नऊ महिने होऊन गेले होते. मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. लोकांसमक्ष अपमानित करण्याच्या हेतूने अपंग व्यक्तीचा जाणूनबुजून अवमान करणाऱ्यास त्याच्या ९२ व्या कलमान्वये किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे. समितीतल्या तिघांपैकी एकालाही हे माहीत नव्हते. एकोणीस वर्षांची मुले तुरुंगात जावीत अशी आमची इच्छा तेव्हाही नव्हती, आजही नाही. तिसरे सदस्य म्हणाले होते की, एकाच वर्गातली मुले आहेत, ज्येष्ठ-कनिष्ठ हे नाते नाही, तेव्हा हे रॅगिंग होत नाही. आम्ही मान डोलावली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांत नवागत ‘किंवा अन्य कोणताही विद्यार्थी’ असे शब्द आहेत. २०१६ च्या दुरुस्तीने तर रंग, वंश, धर्म, जात, लिंग, दिसणे, भाषा, आर्थिक स्थिती अशा कारणांवरून होणारी चेष्टा आणि बहिष्कार यांचाही समावेश केला. त्या लांबलचक यादीत ‘दिसणे’ आहे, अपंगत्वाचा मात्र नावाने उल्लेख नाही. ती यादी करणाऱ्यांनाही तो विद्यार्थी दिसला नसावा.

हा लेख लिहिण्याआधी आम्ही त्याला पत्र पाठवून परवानगी मागितली. तो आता नोकरी करतो, चाकाची खुर्ची वापरतो. त्याचे उत्तर लांब नव्हते. ‘मॅडम, सर, जरूर लिहा, नाव नको,’ असे म्हणून पुढे त्याने लिहिले होते की, त्या चार ओळी कुणी केल्या हे त्याला त्याच दिवशी कळले होते, त्या मुलाशी पुढे त्याची मैत्रीही झाली. त्या निवडल्या कुणी, एवढेच त्याला कधी कळले नाही. ते आम्ही त्याला कळवले आहे. मात्रेचेही कळवले. त्यावर अद्याप उत्तर आलेले नाही, आणि ते यावे असा आमचा हक्क नाही.

शेलापागोटे यंदा होणार आहे. संपादनाचे काम दुसऱ्या विभागाकडे गेले आहे. द्वितीय वर्षाचे वर्ग अजून तिसऱ्या मजल्यावरच भरतात. उद्वाहकाचा प्रस्ताव प्रलंबित आहे, आणि ज्या वर्गात असा विद्यार्थी असेल तो वर्ग तळमजल्यावर घ्यावा ही आमची सूचना वेळापत्रक समितीपुढे आहे. तिला पैसा लागत नाही, म्हणून ती मान्य होईल अशी आशा वाटते. २०१८ चा अहवाल कार्यालयात आहे. ‘सौम्य स्वरूपाची थट्टामस्करी’ हे शब्द चुकीचे होते, त्या जागी ‘कुचेष्टा आणि छळ’ असे वाचावे, आणि संपादक या नात्याने आम्ही त्यात सहभागी होतो, अशा आशयाचे शुद्धिपत्र त्याला जोडावे म्हणून आम्ही दोघांच्या सह्यांनी अर्ज केला. बंद झालेल्या फाइलीला शुद्धिपत्र जोडण्याची तरतूद नाही असे कार्यालयाने तोंडी सांगितले. ते लेखी द्यावे असा दुसरा अर्ज आम्ही दिला आहे. त्याला आवक क्रमांक मिळाला आहे.